भुताचा सिनेमा आणि महाबळेश्वरचं धुकं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाबळेश्वर म्हटलं की लोकांना स्ट्रॉबेरी आठवते, वेण्णा लेकवरच्या होड्या आठवतात, मधुचंद्राला आलेली जोडपी आठवतात. मला मात्र पहिल्यांदा भूत आठवतं. त्याचं कारण सांगतो.

माझे मामा महाबळेश्वरच्या बाजारात चणे-फुटाणे भाजून विकत. माझं गाव खटाव तालुक्यातलं, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या कोरड्या बाजूचं. आमच्याकडे पाऊस आला तर सण, आणि मामाच्या गावी पाऊस म्हणजे चार महिन्यांचा मुक्कामाचा पाहुणा. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस तिथं पडतो. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर घरांच्या भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधायचे, म्हणजे पावसाचा मारा थेट भिंतीवर बसू नये. बाजार बंद, गिऱ्हाईक नाही, आणि दारातून बाहेर पाहिलं तर धुकं. समोरचं घर दिसायचं नाही. माणूस चालत यायचा तो आधी ऐकू यायचा आणि मग एकदम समोर उभा राहायचा. हे नीट लक्षात ठेवा. भुताच्या सिनेमाचं सगळं तंत्र या एका गोष्टीत आहे.

१९७७ सालच्या हिवाळ्यात पुसेगावच्या जत्रेत तंबूच्या सिनेमात मी 'दो गज जमीन के नीचे' पाहिला. वय अकरा. सिनेमा फक्त प्रौढांसाठी होता, पण जत्रेतल्या तंबूच्या दारावर वयाचा दाखला कोण मागतो? सतरंजीवर बसून, शेजारच्या अनोळखी माणसाचं धोतर घट्ट धरून मी तो पाहिला. पैशासाठी नवऱ्याचा काटा काढणारी बायको आणि तिचे साथीदार, जमिनीत पुरलेला तो नवरा आणि मग त्याचं परत येणं. पुढच्या पावसाळ्यात मामाकडे गेलो तेव्हा संध्याकाळी मोटार स्टँडवरून घरी जायची माझी छाती होईना. धुक्यातून तोच येणार असं वाटायचं.

गंमत मला फार उशिरा कळली. १९७२ साली पडद्यावर आलेला तो सिनेमा रामसे बंधूंनी महाबळेश्वरातच चित्रित केला होता! म्हणजे मी ज्या धुक्याला घाबरत होतो, ते धुकं मुळात माझ्याच मामाच्या गावचं होतं. पडद्यावरून ते माझ्याकडे परत आलं होतं, इतकंच.

या रामसेंची कथा ऐकण्यासारखी आहे. वडील फतेहचंद रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि चित्रपटनिर्मितीत पडले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. पृथ्वीराज कपूर त्यात होते. सिनेमा पडला. पण त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. मुखवटा घातलेल्या चोराचा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढाच प्रसंग पाहायला येत होते. मुलांनी वडिलांना सांगितलं, बाकीचं सोडा, आपण फक्त हेच करू.

मुलं सात. कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, कुणी संकलन, आणि दिग्दर्शन तुलसी-श्याम यांचं. इंग्रजी पुस्तक वाचून आणि आपापसांत सराव करून ते ही कामं शिकले होते. 'दो गज'साठी हे सगळं कुटुंबच महाबळेश्वरला आलं, सरकारी विश्रामगृहात उतरलं आणि तिथंच सिनेमा उरकला. साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आला, असं त्या भावांनीच पुढे सांगितलं. २०१७ साली शाम्य दासगुप्ता यांचं रामसेंवर एक इंग्रजी पुस्तक आलं. घरच्या बायकांपासून थोरल्यांपर्यंत सगळे राबणारा हा संसार त्यात नीट वाचायला मिळतो.

महाबळेश्वरच का? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या प्रश्नाचं कुतूहल होतं. हे गाव दोन काळांचं आहे. क्षेत्र महाबळेश्वर जुनं, पंचगंगेच्या देवळाचं. आणि बाजाराचं महाबळेश्वर, म्हणजे जुनं माल्कम पेठ, हे १८२८-२९च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात वसलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी त्यासाठी जागा दिली. मग गोऱ्या साहेबांचे बंगले आले, चर्च आलं, दफनभूमी आली. सरसेनापती बेकविथ १८३१ साली इथंच वारला, त्याचं स्मारक बॉम्बे पॉइंटच्या वाटेवर आजही उभं आहे. आता पाहा. भुताच्या सिनेमाला काय लागतं? रिकामा बंगला, दाट झाडी, धुकं. इथं हे सगळं आयतं, आणि मुंबईहून एका दिवसात पोचता येईल इतक्या अंतरावर. शिवाय धुक्याचा एक फायदा हिशेबी माणसालाच कळेल. धुक्यात लांबचं दिसत नाही, म्हणजे लांबचं काही उभारावं लागत नाही. दिवे कमी लागतात. कापडाची आणि रंगाची लबाडी झाकली जाते. गरिबाचा सिनेमा धुक्यात श्रीमंत दिसतो.

पण मला आज फक्त रामसेंबद्दल बोलायचं नाही. भुताचा सिनेमा म्हणून आपण जे एका पोत्यात भरतो, त्यात पाच वेगवेगळी धान्यं आहेत. प्रत्येकाचा गुण वेगळा, खोट वेगळी. आणि हा हिशेब मी का मांडतो आहे, त्याला माझ्या घरातलं एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

पहिला प्रकार वाड्याचा. यात भूत आहे असं शेवटच्या रिळापर्यंत वाटत राहतं आणि मग कळतं की भूत नव्हतंच, माणूस होता. १९४९ सालचा कमाल अमरोहींचा 'महल' हा या घराण्याचा मूळ पुरुष. अशोककुमार, मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि लताबाईंचं ते लांबून जवळ येत जाणारं गाणं. शेवटी ती झुल्यावरची छाया माळ्याची मुलगी निघते. पुढे १९६२चा 'बीस साल बाद', १९६४चा राज खोसलांचा 'वह कौन थी', सगळे याच वाटेचे. मराठीत वसंत जोगळेकरांनी १९७६ साली 'हा खेळ सावल्यांचा' काढला. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, हृदयनाथांचं संगीत. गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत, आणि सिनेमातली भीती मनाच्या आतली आहे.

या प्रकाराचा मोठा गुण म्हणजे तो आवाजावर आणि संशयावर चालतो. काही दाखवत नाही, पण सुचवतो फार. दुसरा गुण असा, की थिएटरातून बाहेर पडणारा माणूस भुतावर विश्वास ठेवून बाहेर पडत नाही. उलट 'कुणाचा तरी डाव असतो' हे शिकून जातो. खोट मात्र मोठी. अडीच तास बांधत आणलेली भीती पाच मिनिटांच्या खुलाशात विरघळते. आपण फसवले गेलो असं वाटतं. आणि एकदा रहस्य कळलं की दुसऱ्यांदा पाहताना गाण्यांखेरीज हाती काही उरत नाही.

दुसरा प्रकार राक्षसाचा, म्हणजे रामसेंचा खास. इथं खुलासा नाही. राक्षस आहे म्हणजे आहेच. १९८४ सालचा 'पुराना मंदिर' हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्यातला सामरी साकारणारे अनिरुद्ध अगरवाल हे मुळात स्थापत्य अभियंता होते, हे किती जणांना माहीत असेल? उंचीमुळे आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे ते राक्षस झाले. 'वीराना' १९८८चा, 'पुरानी हवेली' १९८९चा, 'बंद दरवाजा' १९९०चा. मग १९९३पासून 'झी हॉरर शो' घराघरांत आला आणि तंबूतली भीती दिवाणखान्यात येऊन बसली.

हे सिनेमे मोठ्या शहरांतल्या समीक्षकांसाठी नव्हतेच. ते तालुक्याच्या गावांसाठी होते, जत्रेतल्या तंबूंसाठी होते. त्यांचा गुण त्या तंबूत बसल्याशिवाय समजणार नाही. दार किरकिरलं की चारशे माणसं एकदम श्वास रोखतात. राक्षस आला की चारशे माणसं एकदम ओरडतात. मग कुणीतरी पहिल्यांदा हसतो आणि सगळा तंबू हसत सुटतो. भीती वाटून घेतली की निम्मी होते. दिवसभर ऊस तोडून, मोट-मोटार पाहून आलेल्या माणसाला हा मोकळा आरडाओरडा हवा असतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खोटही सांगितली पाहिजे. एक तर साचा. तोच वाडा, तोच शाप, तेच त्रिशूळ, मध्येच घुसडलेला विनोद. 'पुराना मंदिर'मध्ये तर चक्क 'शोले'ची नक्कल चालू होते! दुसरं म्हणजे बाईच्या अंगावर रेंगाळणारा कॅमेरा. आणि तिसरी खोट मला वर्गात शिकवताना जाणवली. वेगळ्या चेहऱ्याचं, वेगळ्या अंगाचं माणूस म्हणजे राक्षस, असं हा सिनेमा पोरांच्या मनात बसवतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, चेहऱ्यावर लहानपणीच्या भाजल्याचे व्रण. पोरांनी त्याचं नाव काय ठेवलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच.

तिसरा प्रकार विनोदी भुताचा. यात आपला मराठी माणूस पहिल्यापासून वाकबगार. रवि नमाडे यांचा १९८२चा 'एक डाव भुताचा' आठवा. दिलीप प्रभावळकरांचा मास्तर आणि अशोक सराफांचं भूत, आणि दोघांची जमलेली गट्टी. १९९३ साली महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून कल्पना घेतलेली, पण रामदास पाध्यांच्या बाहुल्यानं तात्या विंचूला अस्सल मराठी करून टाकलं. पुढे २००४चा 'पछाडलेला'. आणि २०२२ साली आदित्य सरपोतदारांनी थेट डोंबिवलीत जिवंत प्रेतं उतरवून 'झोंबिवली' केला. त्याच दिग्दर्शकाचा २०२४चा 'मुंज्या' हिंदीत होता, पण त्यातलं भूत कोकणातलं, आपल्या आजीच्या गोष्टीतलं.

या प्रकाराचा गुण उघड आहे. हसता आलं की भूत लहान होतं. खोटही उघड आहे. हसू जास्त झालं की भीती पळून जाते आणि हातात नुसती थट्टा राहते. हे मिश्रण लोणच्यासारखं असतं. मीठ जरा पुढेमागे झालं की बरणी वाया.

चौथा प्रकार मातीतल्या भुताचा. हा अलीकडे बहरला. आपल्याकडची भुतांची यादी कुणी नीट पाहिली तर तो समाजाचा इतिहास आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई, ती हडळ किंवा अळवंतीण. इच्छा राहून गेलेला ब्राह्मण, तो समंध. म्हणजे ज्यांचं आयुष्य अर्ध्यावर तुटलं, ज्यांच्याशी आपण नीट वागलो नाही, त्यांची ही हजेरीच आहे. लोकांना भीती वाटते ती मेलेल्याची नाही, त्याला देणं राहून गेल्याची.

या मातीतून २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' उगवला. भाषा हिंदी, पण हाडं मराठी. नारायण धारपांच्या कथेचा त्याला धागा आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं. सासवडचा वाडा आणि आपल्या सह्याद्रीचा खरा पाऊस त्यात आहे. महाबळेश्वरच्या परिसरातही त्याचं चित्रण झालं. त्या पावसासाठी त्या मंडळींनी एकामागून एक पावसाळे वाट पाहिली. रामसेंनी धुकं स्वस्त म्हणून वापरलं, यांनी पाऊस खरा म्हणून वापरला. पन्नास वर्षांतला फरक एवढ्यात सांगता येतो. पहिल्या वेळी बेताचा चाललेला 'तुंबाड' २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यात घाबरवणारी गोष्ट हस्तर नाहीच मुळी. बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, हाव कशी पिढीजात होते, ती भीती आहे.

विशाल फुरिया यांचा २०१७चा 'लपाछपी' हाही याच जातीचा. उसाचं रान, एकटं घर, गरोदर बाई. ऊस आपण रोज पाहतो. त्याला कुणी भयाण म्हणेल असं पश्चिम महाराष्ट्रात कुणाला वाटलं नसतं. पण उसात शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसत नाही. पुन्हा तेच धुक्याचं तत्त्व! आणि त्या उसाच्या आत दडलंय ते पोटातल्या मुली मारण्याचं पाप. त्याच दिग्दर्शकानं तो २०२१ साली 'छोरी' नावानं हिंदीत केला.

गुण असा, की पाहून झाल्यावर घरी आपण भुताचा विचार करत नाही, स्वतःचा करतो. खोट अशी, की संदेश वरचढ झाला तर सिनेमाचं कीर्तन होतं. आणि शहरात बसून पाहणाऱ्याला वाटू लागतं की पाप फक्त खेड्यात राहतं. मुली पोटात मारणारी यंत्रं शहरातल्या दवाखान्यांत होती, हे विसरायला होतं.

आता पाचवा प्रकार. बाधेचा. घरातल्याच कुणाला तरी भूत धरतं, बहुधा बाईला किंवा मुलीला, आणि मांत्रिक येऊन ते उतरवतो. १९७३ साली अमेरिकेत 'द एक्झॉर्सिस्ट' आला आणि जगभर या प्रकाराची लाट आली. आपल्याकडे १९७७ साली रविकांत नगाइच यांचा 'जादू टोना' आला. पुढे १९९२ साली रामगोपाल वर्मांचा 'रात', २००३ साली 'भूत'. 'भूत'मध्ये ऊर्मिला मातोंडकर मुंबईच्या साध्या फ्लॅटमध्ये राहते. ना वाडा, ना धुकं, फक्त लिफ्ट आणि दिव्याचं बटण.

भीती म्हणून विचाराल तर पाचांमध्ये हा सर्वांत जबर. कारण वाड्यात आपण जातो, राक्षस बाहेरून येतो, पण बाधा आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटते. रोज भाकरी वाढणारा हात परका होतो. याहून मोठी भीती नाही. आणि याची खोटही सर्वांत मोठी. ती मला पुस्तकातून कळली नाही.

१९७९ सालचा पावसाळा. मी तेरा वर्षांचा. आमच्या मामीचं आठ महिन्यांचं मूल तापानं गेलं. आषाढात रस्ते खचलेले, वेळेत खाली नेता आलं नाही. त्यानंतर मामी बोलायची थांबली. जेवायची नाही. रात्री उठून दार उघडून धुक्यात जाऊन उभी राहायची. शेजारीपाजारी म्हणाले, हिला बाहेरचं लागलंय. श्रावणातल्या अमावास्येला तिला खालच्या खोऱ्यातल्या एका देवऋषीकडे न्यायचं ठरलं. कंदील धरायला मी बरोबर होतो.

त्यानं काय केलं ते सगळं सांगत नाही. मिरच्यांची धुरी होती, लिंबाचा ओला फोक होता. केस धरून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "कोण आहेस तू? बोल, कुठली आहेस?" आणि मी? आदल्या हिवाळ्यात जत्रेच्या तंबूत मी 'जादू टोना' पाहिला होता. आता काय होणार ते मला माहीत होतं. आता मामीचा आवाज बदलेल. घोगरा होईल. डोळे फिरतील. मी कंदील वर धरून वाट पाहत होतो.

आवाज बदलला नाही. मामी तिच्या रोजच्याच आवाजात म्हणाली, "मला घरी न्या."

खरं सांगतो, माझी निराशा झाली. एका बाईला माझ्या डोळ्यांदेखत मारत होते, आणि मला वाईट कशाचं वाटलं, तर भूत बोललं नाही याचं. पुढे पंचेचाळीस वर्षं झाली, पण ती निराशा मला विसरता आलेली नाही. देवऋषीला मी एकट्यानं दोष देत नाही. मामा अडाणी नव्हते, दुष्ट तर नव्हतेच. घाबरलेले होते. पण त्या खोलीत जे चाललं होतं ते मला ओळखीचं वाटलं, बरोबर वाटलं, याचं श्रेय मात्र मी पाहिलेल्या सिनेमाला देतो. देवऋषी आणि तो सिनेमा, दोघांची रीत एकच. बाई ओरडते म्हणजे भूत ओरडतं. मग मारलं तरी ते भुतालाच लागतं.

दिवाळीनंतर मामांनी तिला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी मामांना एक काम सांगितलं होतं. रोज तिच्याजवळ बसून मुलाबद्दल बोलायचं. वर्षभरात मामी सावरली. पुन्हा भट्टीवर चणे भाजू लागली.

या संदर्भात एका सिनेमाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८० साली अरुणा-विकास या जोडीनं 'गहराई' काढला. पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात. पद्मिनी कोल्हापुरेनं बाधा झालेली मुलगी केली, आणि बाप होते डॉ. श्रीराम लागू. लागू आमच्या साताऱ्यात जन्मलेले, पक्के बुद्धिवादी, देवाला रिटायर करा म्हणणारे. पडद्यावर त्यांनी केलेला बापही भूतखेत न मानणारा, आणि त्याच्याच घरात मुलगी झपाटते. मी तो कॉलेजात असताना पाहिला आणि गोंधळलो. लागूंसारख्या माणसानं हे का केलं असावं? पुन्हा पाहिला तेव्हा थोडं उलगडलं. त्यात मांत्रिक आहेत, पण सिनेमा त्यांची आरती करत नाही. मुलीच्या तोंडून बोलतो तो बापाचा गावाकडचा जुना अन्याय. म्हणजे बाधेच्या सिनेमात मातीतल्या भुताचं बी पडलेलं आहे. तरीही त्या मुलीचे हाल पाहताना मला खोऱ्यातली ती खोली आठवली आणि मी मध्येच उठून बाहेर आलो. प्रकार चांगल्या हातात पडला तरी त्याची खोट पूर्ण जात नाही, असं माझं मत झालं.

साताऱ्याचंच आणखी एक नाव. डॉ. नरेंद्र दाभोलकर. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. अंगात येणं, भूत लागणं यामागे बहुतेक वेळा मनाचं दुखणं असतं आणि त्याला उपचार आहे, हे ते वर्षानुवर्षं गावोगाव सांगत राहिले. डॉ. लागू त्यांच्या कामात बरोबर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झगडत होते, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या बहाण्यानं बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं याबद्दलचं. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ कागद हातातच राहिला. मिरचीची धुरी. कुणीतरी ते शब्द कायद्यात लिहिले होते.

मग बाधेचे सिनेमे बंद करावेत का? मुळीच नाही. बंदीनं भीती जात नाही, ती अंधारात जाऊन बसते. मी आजही भुताचे सिनेमे आवडीनं पाहतो. फक्त पाहून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारतो. यानं मला नेमकं कुणाला घाबरायला शिकवलं? 'महल' लबाड माणसाला घाबरायला शिकवतो. 'तुंबाड' स्वतःच्या हावेला. 'झपाटलेला' कुणालाच नाही, आणि तेही बरंच आहे. पण जो सिनेमा मला वेगळ्या चेहऱ्याच्या मुलाला, दुःखानं मुक्या झालेल्या बाईला घाबरायला शिकवतो, तो कितीही उत्तम घडवलेला असो, त्याच्याकडे मी जरा लांबूनच पाहतो.

तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. जत्रेतले तंबूही आता बहुतेक उठले. महाबळेश्वरचं धुकं तेवढं तसंच आहे.

मामी २०२१ साली गेली. त्याच्या एक-दोन वर्षं आधी मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. पाऊस धो धो चालू होता. टीव्हीवर कुठलासा भुताचा सिनेमा लागला होता, नाव आता आठवत नाही. नायिकेला पलंगाला बांधलेलं, केस मोकळे, ती किंचाळतेय, भोवती मंत्र चाललेत. माझा हात रिमोटकडे गेला. म्हटलं, "मामी, बंद करू का?"

"असू दे की," ती म्हणाली. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढी माणसं जमलीत, पण तिला घोटभर पाणी द्यायचं कुणाला सुचंना बघ."

मी टीव्ही बंद केला, उठलो आणि चहा ठेवला.